शुक्रवारचं बुकिंग

डुल्या, काल तुझ्या तेरवीत तुझा भोंगा वाजला. जे वाजलं ते मी आणि मंगरूनं लावलं. कोणाला तक्रार करायची असेल त्यानं माझ्याकडे यावं, घर सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या फोटोसमोर उभं राहून "पोरगा गेला, अन् हे याचे दोस्त" असं पुटपुटू नये. फोटोतला माणूस उत्तर देत नाही, मी देतो.

सहा दिवस ताप होता, सातव्या दिवशी तो डोक्यात गेला. लोक याला देवाची मर्जी म्हणून राहिले आहेत. ज्या गावावरून दिवसातून दहा वेळा विमान घिरट्या घालतं, त्या गावात माणूस तापानं मरतो, याला मर्जी म्हणत नाहीत. पण त्यावर वेगळं पत्रक निघेल. हे तुझं आहे. आणि हे काढायला मला तीन वर्षं उशीर झाला आहे.

तू मला पत्रक्या म्हणायचास. बरोबरच म्हणायचास. माझे वडील बिडी कामगारांची संघटना चालवायचे. आमच्या घरात पाटी नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं पत्रकाच्या छापील बाजूवर शिकलो आणि गणितं कोऱ्या बाजूवर केली. त्यामुळे असेल, मला प्रत्येक गोष्टीला दोनच बाजू दिसतात. तू मला कितीदा सांगितलंस, "अबे, कागदाले दोन बाजू असते. मानसाले नसते." मी म्हणायचो, ही भोंगेवाल्याची सोय आहे. तू हसायचास. तुझं ते हसणं मला हार वाटायची, तुझी. आता कळतंय की तू वाद सोडून द्यायचास, कारण भोंग्याची मशीन तापलेली असायची आणि गाण्याचा तवा लावायची वेळ झालेली असायची.

ते तवे तुझ्याकडे आले तो दिवस मला आठवतो. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकवणारा एक परदेशी माणूस परत जायला निघाला होता. त्याच्या निरोपाच्या जेवणाला शामियाना आणि सतरंज्या तुझ्या बिछायतीतून, मंडप-भोंगे भाड्यानं द्यायच्या दुकानातून, गेल्या. सामान परत आणायला तू गेलास, तेव्हा तो तुझ्याबरोबर तुझ्या सामानाच्या कोठीत आला, आणि तुझ्या बाबांच्या काळातलं तवे वाजवायचं यंत्र त्याला कोपऱ्यात दिसलं. त्यानं हातवारे करून विचारलं, चालू आहे का? तू चालू करून दाखवलंस. दुसऱ्या दिवशी तो एक खोका ठेवून गेला. सात तवे. त्या काळात गोंदियात दुकानोदुकानी मोबाइलच्या चिपमध्ये गाणी भरून मिळत होती. तवा कोण ऐकणार? तू ऐकणार, मी ऐकणार आणि मंगरू ऐकणार.

मंगरू दरेकशाचा. राइस मिलमध्ये पोती वाहायचा. शनिवारी त्याची मिल बंद असायची, म्हणून शुक्रवारी तो गाडीनं घरी न जाता तुझ्याकडे उतरायचा. शुक्रवारी आपल्या फीडरवर सहा ते नऊ लाइट राहायची. आपला शुक्रवार एवढ्यावर ठरला. मुहूर्त कोणी काढला नाही.

तव्यांच्या मधलं भोक आपल्या यंत्राच्या खुंटीपेक्षा फार मोठं निघालं. तू जुनी चप्पल घेतलीस, तिच्या तळव्याची गोल चकती कापलीस, आणि ती मध्ये बसवलीस. सुई उड्या मारत होती, तर तिच्या दांड्यावर रुपयाचं नाणं चिकटवलंस. मग जो आवाज आला! ढोल अंगावर धावून यावा तसा. गिटार थरथरत होती. त्याखाली कसली तरी फटफट चालू होती. कव्हरवर तेल लावून केस मागे वळवलेली तीन पोरं होती, त्यातल्या एकानं माणसापेक्षा उंच सारंगीसारखं वाद्य मिठीत घेतलं होतं. ते वाद्य तो वाजवत नव्हता, त्याला चापटा मारत होता.

मंगरूनं डोळे मिटले आणि म्हणाला, "पट्टा होय हा. आमच्या मिलचा पट्टा. जोड आला का असाच फटकते."

गाणारा दर ओळीला उचकी दिल्यासारखा अडखळायचा आणि पुन्हा ओरडायचा. तू कान लावून ऐकलंस, आणि अगदी काळजीनं विचारलंस, "याले कोन आठवून राहिला बे एवढा?"

मी मात्र हात बांधून बसलो होतो. "हे अमेरिकेचं आहे," मी म्हणालो.

"मंग? तुझा लाल झेंडा का आपल्या हातमागावर विनला होता?"

मंगरू सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर लोळून हसला. मी पुढच्या शुक्रवारी डिक्शनरी घेऊन आलो. एका गाण्यात मालकाला सांगितलं होतं की उद्यापासून येणार नाही, तुझी घंटा तूच वाजव. दुसऱ्यात कंगवा हरवल्याचं दुःख होतं. मी पहिल्यावर बोललो, दुसरं लपवलं. याला पंक म्हणतात आणि त्यात रॉकबिली नावाच्या जुन्या अमेरिकी नाचगाण्यांची फोडणी असते, हे मी गोंदियाच्या सायबर कॅफेत वाचून आलो आणि तुम्हाला सांगितलं. तू म्हणालास, "नाव कायले पाहिजे? शुक्रवारचं होय." तेव्हापासून ते शुक्रवारचंच झालं.

केशोरीच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ संपून नाटक सुरू होईपर्यंत तू एकदा शुक्रवारचा तवा लावलास. मी तुझ्या शेजारी उभा होतो. लोक थांबले. एक म्हातारी म्हणाली, "कोनत्या पार्टीचं होय हे?" तू म्हणालास, "आमच्या." एक म्हातारा कमरेवर हात ठेवून पूर्ण गाणं नाचला, आणि नंतर येऊन तुला सांगून गेला की ढोलकीवाला चांगला आहे, पण गाणाऱ्याला पाणी द्या.

आपलं भांडण एकाच गोष्टीवर, दर शुक्रवारी, न चुकता. मशीन चालू केल्यावर तू पहिला तवा लावायचास तो गणपतीच्या आरतीचा. घासून पांढरा पडलेला, तुझ्या बाबांचा. मी दर शुक्रवारी विचारायचो, "काऊन?" तू म्हणायचास, मशीन व्हॉल्व्हची आहे, तापायला वेळ लागतो, तोवर खरखर येते. मी म्हणायचो, खरखरच येणार असेल तर देवाच्या नावानं कशाला? तापेपर्यंत गप्प बसू. शेवटी एकदा तू वैतागून खरं कारण सांगितलंस.

"बाबा म्हनायचे, पयला तवा त्याचा. त्याचं बुकिंग जुनं हाय. ज्यानं पयले सांगतलं, त्याचा भोंगा. मंग तो देव असो का तू."

मी याच्यावर खूप हसलो. देवाचं बुकिंग! मला वाटलं, ही तुझी अंधश्रद्धा आहे. तो तुझा कायदा आहे, हे मला दिसलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा कागद काढला तिच्याकडे येतो.

मंगरूच्या मिलमध्ये हमालांचा संप झाला. संपाच्या चौथ्या दिवशी मिलच्या मैदानात शेठचा सत्कार ठेवलेला होता, आणि त्याला भोंगे तुझे होते. फाटकाबाहेर हमाल बसले होते, मी त्यांच्यात होतो, आणि शेठ किती दयाळू आहेत हे आम्ही तुझ्या भोंग्यातून ऐकत होतो. मी त्याच संध्याकाळी पिवळ्या कागदावर बारा वाक्यांचं पत्रक काढलं. अकरा वाक्यं शेठवर. बारावं तुझ्यावर. नाव घातलं नव्हतं, पण आपल्या भागात भोंगेवाले किती? मी लिहिलं, "ज्यांचे भोंगे विकाऊ, त्यांचे गळेही विकाऊ."

शुक्रवार आला. तू कोठीत मशीन चालू केलीस, माइक जोडलास, आणि माझं पत्रक पहिल्यापासून मोठ्यानं वाचलंस. बाहेरचे भोंगे बंद होते, आत तिघंच होतो, तरी तू माइकवर वाचलंस. बारावं वाक्य दोनदा वाचलंस. मग माइक बाजूला ठेवून म्हणालास, "वाक्य भारी जमलं बे. फक्त खोटं हाय."

मी म्हणालो, "संपाच्या वेळी भोंगा दिलास की नाही?"

"त्यानं संपाच्या पयले सांगतलं होतं. मी हो म्हनलो होतो."

"मग नाही म्हणायचं! तत्त्व नावाची काही गोष्ट असते."

"हे बी तत्त्वच होय. तुले आवडत नाही म्हनून तत्त्व नोको का?"

मी उठून गेलो. पुढचे दोन शुक्रवार आलो नाही. मंगरू आला. ज्याचा संप होता तो आला, ज्याचं पत्रक होतं तो आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी आलो, तेव्हा तू सतरंजी झटकून टाकलीस आणि आरतीचा तवा लावलास. त्या दिवशी मी "काऊन" विचारलं नाही. माझ्या हिशेबानं ती माफी होती. तुझ्या हिशेबानं ती नव्हती, हे मला काल कळलं.

पुढच्या वर्षी हमालांनी फाटकावर सभा ठेवली. मंगरू महिनाभर आधी येऊन तुला सांगून गेला होता. नेमक्या त्याच दिवशी शेठच्या मुलीचं लग्न निघालं. शेठचा माणूस गाडी घेऊन तुझ्या दारात आला. त्या घराची सगळी लग्नं, सगळे सत्कार, सगळ्या पूजा तुझ्या बाबांच्या काळापासून तुझ्याच बिछायतीत होत्या. तो माणूस म्हणाला, "हमाल लोगों को क्या, दूसरा कोई दे देगा." तू म्हणालास, "मंगरूनं पयले सांगतलं." तो म्हणाला, सोच लो. तू म्हणालास, यात सोचायचं काय आहे? आणि तू फाटकासमोरच्या चिंचेवर चढून दोन्ही भोंगे स्वतः बांधलेस, तोंड मिलकडे करून. त्यानंतर त्या घराचं काम तुला परत कधी मिळालं नाही. तिथं शहरातून डीजे यायला लागला.

डुल्या, त्या सभेत मी चाळीस मिनिटं बोललो. तुझ्याच माइकवर. जगातल्या साऱ्या मालकांबद्दल बोललो. ज्याच्या माइकवर बोलतोय तो काय सोडून इथं आला आहे, हे मला माहीत होतं. मंगरूनं सकाळीच सांगितलं होतं. मी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बारावं वाक्य मागे घ्यावं लागलं असतं, आणि छापलेलं मागे घ्यायची सवय मला नव्हती. खाली उतरलो, तर तू वायर गुंडाळत होतास. तू एवढंच विचारलंस, "आवाज बरोबर आला काय?"

मी म्हणालो, "एकदम."

बस. तीन वर्षं आपण त्यानंतर शुक्रवार केले. सातही तवे पाठ झाले. बोलायची वेळ आली नाही असं मी म्हणणार नाही. वेळ दर आठवड्याला यायची, सहा वाजता, लाइटबरोबर.

तर काल. तू रविवारी गेलास, तेरावा दिवस शुक्रवारी आला. ही बेरीज मी केली नाही, मंगरूनं बोटांवर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दुपारची पंगत उठली. तुझ्या काकाजींनी सहा वाजता भजन मंडळ बोलावलं होतं. आम्ही दोघं कोठीतून मशीन बाहेर काढायला लागलो, तसे काकाजी आले.

"भजनाले मशीन पाहिजेच," ते म्हणाले. "जोडा."

मी म्हणालो, "काकाजी, भजन नंतर. सहा ते नऊ आमचा शुक्रवार आहे."

"काय शुक्रवार? तेरवी होय आज! गाने वाजवता का, लाजा नाही वाटत?"

"नाही वाटत."

भांडण वाढलं. चार जण गोळा झाले. कोणी म्हणालं, संघटनेच्या पोरांना रीतभात नसते. कोणी म्हणालं, मंगरूला मशीनला हात कोणी लावू दिला? मी तयारच होतो. मला भांडण आलं की बरं वाटतं, हे तुला माहीत आहे. तेवढ्यात तुझी बायको, आमच्या कौसल्यावहिनी, दारात आल्या.

"काकाजी, भजनवाल्याइले कधी सांगतलं?"

"बुधवारी."

"अन् याइचं बुकिंग पाच वर्षाचं हाय. ज्यानं पयले सांगतलं त्याचा भोंगा. ते असते तं काय म्हनले असते?"

काकाजी खुर्चीत जाऊन बसले. मी जिंकलो होतो. मी वहिनींकडे पाहून मान डोलावली. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हतं.

"थांबा भाऊजी. तुमच्याही पयले माझं बुकिंग हाय."

त्या आत गेल्या आणि एक तवा घेऊन आल्या. मालकाला घंटा वाजवायला सांगणारा. त्याचं आतलं पाकीट कधीचंच फाटलं होतं. त्याच्या जागी तू घडी घालून माझं पिवळं पत्रक बसवलं होतंस. ते रागानं ठेवलं होतंस, की कागद गुळगुळीत होता म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. तुझ्या स्वभावाकडे पाहता दुसरंच कारण असेल. तेच जास्त लागतं.

"मले वाचता येते," वहिनी म्हणाल्या. "हे बाराव्या नंबरचं. ते तुमची वाट पाहून राहिले होते. दर शुक्रवारी चहा ठेवताना मी विचारत होती, बोलले काय? तं म्हनत, बोलेल ना, पत्रक्या होय, लिहूनच सांगेल. तुम्ही तं लिहिलं बी नाही. हे खोटं हाय म्हनून सांगा. इथंच. माइकवर. मंग लावा तुमचे तवे."

मंगरूनं माइक जोडला. माझ्याकडे पाहिलं नाही. मशीनचे दिवे लाल झाले, खरखर सुरू झाली, आणि मी तिच्यातच उभा राहिलो. मी हजार माणसांसमोर बोललो आहे. काल साठ-सत्तर होते, आणि मी माइकवर दोनदा फुंकर मारून पाहिली.

मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की ज्यांचे भोंगे विकाऊ, त्यांचे गळेही विकाऊ. ते मी डुलीचंदबद्दल लिहिलं होतं. ते खोटं होतं. लिहिताना ते मला चांगलं वाटलं, म्हणून मी ते खरं मानलं." मग मी चिंचेची गोष्ट सांगितली. शेठचा माणूस, गाडी, "यात सोचायचं काय", सगळं. त्यातलं बरंचसं काकाजींनाही माहीत नव्हतं. तू घरी सांगितलंच नव्हतंस. काम का गेलं असं कोणी विचारलं, तर तू म्हणायचास, आता डीजेचा जमाना आहे.

वहिनींनी पूर्ण ऐकलं. मग पत्रक माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही तसं समजणार नाही.

मंगरू यंत्राजवळ बसला होता. एका हातात आरतीचा तवा, दुसऱ्या हातात शुक्रवारचा. मशीन तर माझ्या बोलण्यानंच तापली होती. खरखर गेली होती. तुझी ती पहिली सबब उरली नव्हती.

"काय करू बे?" त्यानं विचारलं.

डुल्या, तू जिंकलास असं समजू नकोस. देव नाही, हे मी कालही मानत होतो, आजही मानतो, आणि ज्यानं तुला सहा दिवसांच्या तापात उचललं तो असलाच, तर माझं त्याच्याशी पहिलं भांडण असेल. पण बुकिंग जुनं होतं. मी म्हणालो, "लाव."

आरती झाली. लोक उगाच हात जोडून उभे राहिले. आणि त्यांचे हात खाली यायच्या आत मंगरूनं दुसरा तवा लावला, दोन्ही भोंगे पूर्ण उघडे ठेवून. मिलचा पट्टा फटकायला लागला. उचकी देणारा ओरडायला लागला. अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर गेल्या. भजन मंडळातला ढोलकीवाला बोटांनी मांडीवर काहीतरी शोधत होता.

काकाजी खुर्चीतून म्हणाले, "काऊन रडून राहिला हा?"

"रडून नाही राहिला, काकाजी," मंगरू म्हणाला. "भांडून राहिला."

"कोनासंग?"

"सगळ्याइसंग."

काकाजींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आमचा डुल्या तं कोनासंग भांडला नाही."

भांडला होता. चिंचेवर चढून, भोंग्याचं तोंड मिलकडे करून, एक शब्द न बोलता भांडला होता. शब्द माझ्याकडे होते आणि मी ते दाबून ठेवले. साडेआठला भजन सुरू झालं. काकाजींनीच अर्धा तास मागितला, आम्ही दिला. मंगरू भजनातही यंत्राजवळच बसून होता, आणि आवाज त्यानंच सांभाळला. पुढच्या शुक्रवारी सहा वाजता कोठी उघडी राहील असं वहिनींनी त्याला सांगितलं आहे. मला सांगितलं नाही. मी येणार.

हा कागद पिवळाच घेतला आहे. उद्या मिलच्या फाटकावर, मंडईच्या मैदानात, सगळीकडे वाटीन. त्यावर माझं नाव छापलेलं असेल. वाचणाऱ्यांनी नीट वाचावं. चार वर्षांपूर्वीच्या पत्रकातलं बारावं वाक्य मी मागे घेतो. पहिली अकरा मागे घेत नाही, ती जिथं होती तिथंच आहेत.

डुल्या, आवाज बरोबर आला काय?